भुयार, नदी आणि पप्पा

ऑफिसमध्ये कुणी 'व्हिएतनामला जाऊन आलो' म्हटलं की हल्ली पुढचे प्रश्न ठरलेले असतात. हालाँग बे केलंस? तो मोठ्ठ्या हातांवरचा सोनेरी पूल केलास? 'केलंस का' म्हणजे काय, होमवर्क आहे का? असो. माझं उत्तर 'नाही' आणि 'नाही'. मी डिसेंबरात पाच दिवसांची रजा टाकली, पप्पांना सोबत घेतलं आणि मुंबईहून थेट सायगाव गाठलं. अधिकृत नाव हो ची मिन्ह सिटी, १९७६ पासून. पण तिथली माणसं अजूनही सायगावच म्हणतात. आपण नाही का, अजून व्हीटी म्हणतो!

पप्पांचा हा पहिला परदेश प्रवास. म्हणजे मला तरी तसंच वाटत होतं.

पप्पा साठीचे. सैन्यातून रिटायर्ड, आता साताऱ्याजवळ गावी शेती बघतात. आई गुडघ्यांमुळे आली नाही, आणि तिच्याशिवाय आम्ही दोघंच असं कधी कुठे गेलोच नव्हतो. त्यामुळे पहिले दोन दिवस आमचं बोलणं 'पासपोर्ट घेतलास का?' आणि 'पप्पा, तुम्ही जेवलात का?' यापलीकडे फारसं गेलं नाही. तिसऱ्या दिवसासाठी मी एक टूर बुक केली. कु चीची भुयारं प्लस मेकाँगचं खोरं, एका दिवसात, जेवणासकट, हॉटेलच्या दारातून पिकअप. सायगावच्या टुरिस्ट एरियात दर तिसऱ्या दुकानावर हिची पाटी असते.

आधीच सांगते, ही टूर म्हणजे थोडा येडेपणा आहे. कु ची शहराच्या वायव्येला आणि मेकाँगवरचं मी थो नैर्ऋत्येला. म्हणजे सकाळी पुण्याहून एका दिशेला पळायचं, दुपारी परत येऊन दुसऱ्याच दिशेला. अर्धा दिवस बसमध्ये जातो. हाताशी दोन दिवस असतील तर दोन्ही वेगळं करा. आमच्या हाताशी नव्हते.

सकाळी साडेसातला मिनी बस आली. आत दोन ऑस्ट्रेलियन जोडपी, एक कोरियन कुटुंब, चेन्नईची तीन मुलं आणि आम्ही. गाइड चाळिशीचा, हसरा, इंग्रजी झकास. शहर सुटलं, मोटारसायकलींचा समुद्र मागे पडला आणि दोन्ही बाजूंना रबराची झाडं लागली, परेडला उभी केल्यासारखी रांगेत.

पप्पांनी हळूच मला ढोसलं. 'त्याला विचार ना, महाराजांचं.'

कुठलं ते तुम्हाला माहीत असणारच. तुमच्याही फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येऊन गेला असेल. अमेरिकेला हरवणाऱ्या व्हिएतनामने गनिमी कावा शिवरायांकडून घेतला, त्यांचा कुणी मंत्री भारतात आला आणि रायगडावरची माती घेऊन गेला वगैरे. आमच्या ग्रुपवर तो वर्षातून दोनदा पप्पाच टाकतात. मी विचारलं. गाइडने मन लावून ऐकलं, 'शिवाजी' नावाचं स्पेलिंग फोनमध्ये टाइप करून घेतलं आणि प्रांजळपणे सांगितलं की, हे आपण पहिल्यांदाच ऐकतोय. पप्पांचा चेहरा पडला. मग गाइडनेच एक गोष्ट सांगितली. १२८८ साली मंगोलांचं आरमार चालून आलं तेव्हा त्रान हुंग दाओ या सेनापतीने बाख दांग नदीच्या पात्रात टोकदार लाकडी खुंट ठोकून ठेवले. भरतीच्या पाण्यात ते दिसेनात. त्याची माणसं हुलकावणी देत शत्रूला आत घेऊन गेली, ओहोटी लागली आणि मोठी जहाजं त्या खुंटांवर अडकून फाटली. आमच्याकडे शाळेत हे पाठ असतं, गाइड म्हणाला.

'म्हणजे यांचाही गनिमी कावाच की!' पप्पा एकदम खूश. 'याला सांग, आमचे महाराज बघ म्हणावं गूगलवर.'

कु चीच्या बेन दिन्ह या ठिकाणी बस थांबली. (जुलै २०२५ मध्ये व्हिएतनामने प्रांतांची आणि तालुक्यांची फेररचना केली. कु ची हा जिल्हा म्हणून आता कागदावर उरलेला नाही, पण पाट्यांवरचं आणि तोंडातलं नाव तेच.) तिकीट, गेट, झाडी. आधी एका छपराखाली बसवून जुनी कृष्णधवल फिल्म दाखवतात, अगदी प्रचारकी थाटाची. त्यातही खरं काय ते कळतं. इथली भुयारं १९४०च्या दशकाच्या शेवटी फ्रेंचांविरुद्ध लढताना खणायला सुरुवात झाली आणि १९६०च्या दशकात अमेरिकेविरुद्ध ती वाढत वाढत सुमारे २५० किलोमीटरचं जाळं झालं. खणायचं कुदळ-फावड्याने आणि टोपलीने. इथली चिकट लाल माती वाळली की विटेसारखी होते, म्हणून आत खांब न लावताही भुयार टिकतं. तीन मजले. वरचा राहण्या-लढण्याचा, सगळ्यात खालचा जवळपास दहा मीटर खोल. आत झोपायच्या जागा, दवाखाना, बैठकीची खोली, विहीर. हवेसाठी भोकं, आणि ती भोकं वारुळात लपवलेली.

मला सगळ्यात आवडलं ते स्वयंपाकघर. होआंग काम नावाच्या आचाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी ही चूल. धूर जमिनीखालच्या चरांमधून लांबवर फिरवायचा, वाटेत निववायचा आणि पातळ करून जमिनीलगत सोडायचा. स्वयंपाक पहाटे, म्हणजे उरलासुरला धूर धुक्यात मिसळून जातो. वरून विमानाला काही दिसत नाही. चूल पेटवायला एवढं डोकं लागावं, अशी वेळ आपल्यावर आली नाही हे नशीबच.

मग तो सुप्रसिद्ध आयटम. गाइडने पायाने पाचोळा बाजूला केला, त्याखाली लाकडी झाकण, जेमतेम लॅपटॉपच्या बॅगेएवढं. एक चेन्नईकर पोरगा हात वर करून आत घुसला, झाकण डोक्यावर ओढून घेतलं आणि गायब. शेजारी उभं राहूनही शोधता येईना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मीसुद्धा काढला.

पुढे सापळ्यांचा मंडप. बांबूच्या टोकदार काड्या लावलेले खड्डे, पाय पडला की फिरणारी फळी, दारावर टांगलेला काट्यांचा पट्टा. गाइड काठीने एकेक दाबून दाखवत होता, खट्, खट्. जोडीला हातखंडा विनोद. लोक हसत होते. मी पप्पांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. खाली वाकून फळीची बिजागरी बघत होते, सुतार बघतो तशी.

'हे बनवायचं कोण?' त्यांनी गाइडला थेट हिंदी-इंग्रजी मिसळून विचारलं. 'फौज? का गाववाले?'

'गावातलीच माणसं,' गाइड म्हणाला. 'दिवसा शेतात, रात्री इथे.'

पप्पांनी नुसती मान हलवली.

तेवढ्यात झाडीपलीकडून तो आवाज आला. ठो, ठो, मग सलग. इथे शूटिंग रेंज आहे. पैसे भरून, किमान दहा गोळ्या घेऊन, एके-४७ किंवा एम-१६ चालवता येते. मी दचकले. पप्पा दचकले नाहीत, जागच्या जागी थांबले.

'एके आहे,' ते म्हणाले.

'तुम्हाला कसं कळलं?'

'कळतं.' चार पावलं गेल्यावर पुढे म्हणाले, 'आमच्याकडे तेव्हा एसएलआर होत्या. त्यांच्याकडे ही.'

'त्यांच्याकडे' म्हणजे कुणाकडे ते मला माहीत होतं, आणि नव्हतंही. पप्पा आयपीकेएफमध्ये श्रीलंकेत होते, हे आमच्या घरी 'तुझ्या जन्माआधी' या खात्यात जमा आहे. २९ जुलै १९८७ ला भारत-श्रीलंका करार झाला, शांतिसेना गेली, ऑक्टोबरात जाफन्यात लिट्टेशीच लढाई पेटली आणि मार्च १९९० मध्ये शेवटचे जवान परत आले. अकराशेहून जास्त भारतीय जवान तिथे गेले. हे मी नेटवर वाचलेलं. पप्पांकडून या विषयावर तीस वर्षांत पाचदहा वाक्यंसुद्धा आली नसतील. आणि विमानतळावर मीच मारे सेल्फी काढून टाकला होता, 'पप्पांची फर्स्ट फॉरेन ट्रिप'!

रेंजवर गोळ्या झाडायचा माझा प्लॅन पक्का होता. रील करणार होते. रांगेत उभीही राहिले. फार काही थोर विचार करून रांग सोडली असं नाही. पप्पा दिसेनात, म्हणून सोडली. कँटीनच्या मागच्या बाकावर ते आमच्याकडे पाठ करून बसले होते, आणि शेजारी त्या सगळ्या आवाजात कोरियन पोरगी शांतपणे आइस्क्रीम खात होती.

खरं सांगू? तोपर्यंत मी या जागेकडे एकाच बाजूने बघत होते. आपण सगळेच तसं बघतो. लहान देश, मोठा शत्रू, गनिमी कावा, आपण मनाने लगेच भुयारात जाऊन बसतो. पप्पा मात्र तिथे वरून चालत होते. परक्या मुलखात, वर्दीत, पुढचं पाऊल कशावर पडेल ते माहीत नसलेला बावीस वर्षांचा पोरगा. त्या झाकणावर पाय देणाऱ्यांपैकी ते एक होते.

भुयारात ते उतरलेच. पर्यटकांसाठी एक पट्टा रुंद करून ठेवलाय, दर थोड्या अंतरावर बाहेर पडायला वाट आहे. रुंद करूनही मला पहिल्याच वळणावर घाम फुटला आणि मी पहिल्याच वाटेने बाहेर आले. पप्पा शेवटच्या वाटेने आले, गुडघे झटकत. ऑस्ट्रेलियन काकांनी त्यांना हात दिला.

टूरच्या शेवटी इथे उकडलेला कंद आणि चहा देतात. युद्धाच्या काळात भुयारातल्या लोकांचं मुख्य अन्न हेच. कसावा, म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो. सोबत भाजलेल्या दाण्याचं कूट, मीठ, साखर. मी म्हटलं, 'पप्पा, हा तर उपासाचा फराळ!' त्यांनी तुकडा मोडला, वास घेतला.

'मरवळ्ळी,' ते म्हणाले.

चेन्नईच्या पोराने चमकून वर पाहिलं. 'अंकल, तमिळ येतं?'

'थोडं थोडं. विसरलो आता.'

त्यानंतर बसमध्ये दोन तास ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी झोपल्याचं नाटक करत होते.

मी थोला पोचेपर्यंत दुपार कलली होती. आणि मग नदी! तिला नदी म्हणायला जीव धजत नाही. आमच्या गावची कृष्णा दोन्ही काठ एकाच नजरेत देते. इथे चहाच्या रंगाचं पाणी पसरलंय, ते संपतच नाही. मेकाँग तिबेटच्या पठारावर उगम पावते, चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया करत चार हजारांहून जास्त किलोमीटर चालून इथे येते आणि फाटे फुटून समुद्राला मिळते. व्हिएतनामी लोक तिला कुउ लाँग म्हणतात, नऊ ड्रॅगन. आम्ही होतो तो तिएन हा तिचा एक फाटा. मोटरबोटींच्या नाळेवर लाल-पांढरे डोळे रंगवलेले. नदीतल्या राक्षसांनी घाबरावं म्हणून, असं सांगतात.

समोर ड्रॅगन, युनिकॉर्न, कासव आणि फिनिक्स अशी चार बेटं, आणि डोक्यावरून २००९ साली झालेला राख म्येउ पूल. त्याआधी पलीकडे बेन त्रेला जायला फेरीच होती. आता पूल झाले, रस्ते झाले, आणि त्याबरोबर नदीवरचे तरंगते बाजार ओसरत चाललेत. ट्रक दारात येत असेल तर होडीत भोपळे कोण घालणार?

याच पाण्यावर युद्धात अमेरिकन नौदलाच्या गस्ती बोटी फिरत. मी थोच्या पश्चिमेला डाँग ताम इथे नदीतली वाळू उपसून, भराव घालून त्यांनी अख्खा तळ उभा केला होता. तिथे आज सापांचं फार्म आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये पलीकडच्या बेन त्रे गावावर इतके बॉम्ब पडले की, गाव वाचवण्यासाठीच ते नष्ट करावं लागलं, अशा अर्थाचं एका अमेरिकन अधिकाऱ्याचं विधान जगभर छापून आलं. त्याच बेन त्रेचं आज नाव आहे ते नारळाच्या कँडीसाठी. कारखाना म्हणजे एक शेड. मोठ्या कढईत नारळाचं दूध आणि माल्ट आटतंय, बायका पट्ट्या कापून खायच्या तांदळी कागदात गुंडाळतायत, हात यंत्रासारखे. आपल्या नारळाच्या वडीची चिवट बहीण. मी चार पाकिटं घेतली. टीमसाठी, दुसरं काय नेणार!

टूरवाल्या भागाबद्दल खोटं बोलणार नाही. मधाचा चहा, फळांच्या बश्या, पारंपरिक गाणी, गाणी संपताच टेबलावर येणारी टिपची टोपली, गळ्यात अजगर घालून फोटो... सगळं घड्याळ लावून. दर वीस मिनिटांनी पुढची पार्टी. पण फिनिक्स बेटावर एक गोष्ट अशी निघाली की पप्पांनी फोन खिशात ठेवला.

इथे 'नारळ बाबा' राहायचे. न्गुयेन थान नाम, फ्रान्सला जाऊन रसायनशास्त्र शिकलेला माणूस. घरदार सोडून साधू झाला, म्हणे नारळावरच जगायचा. ऐन युद्धात या बेटावर नऊ ड्रॅगनांचे खांब असलेला चौथरा बांधून तो उत्तर-दक्षिण समेटाचा प्रचार करत बसला. सैन्यात जायचं नाही म्हणून पळालेली पोरं त्याच्याकडे आसरा घेत. लेखक जॉन स्टाइनबेक यांचा मुलगाही इथे राहून गेला. सायगावच्या सरकारने त्याला तुरुंगात टाकलं, आणि १९७५ नंतर जिंकलेल्या सरकारनेही. १९९० साली तो वारला. ते खांब अजून आहेत, भडक रंगांचे, थोडे आपल्या जत्रेतल्या देखाव्यासारखे.

'तुझ्या घरचे कुठल्या बाजूला होते?' पप्पांनी गाइडला विचारलं. मी ओशाळले. असं कुणी विचारतं का? पण तो शांतपणे म्हणाला, 'दोन्ही. वडिलांचे वडील जंगलात. आईचे वडील सायगावच्या सैन्यात, नंतर काही वर्षं शिबिरात. घरी दोघांचे फोटो आहेत. उदबत्ती एकच लावतो.'

व्हिएतनाम सरकारने १९९५ साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे त्यांच्या बाजूचे ११ लाख सैनिक आणि दोन्हीकडचे मिळून सुमारे २० लाख नागरिक या युद्धात मेले. अमेरिकेचे ५८ हजार. सकाळच्या फिल्ममध्ये त्या दुसऱ्या आजोबांसारखी माणसं कुठेच नव्हती.

शेवटी वल्ह्यांची छोटी होडी. अरुंद कालवा, दोन्ही बाजूंनी निपा पाम वाकलेले, डोक्यावर हिरवी कमान. पुढे आणि मागे एकेक बाई वल्हवायला, मध्ये आम्ही दोघं, शंकूच्या टोप्या घालून. आवाज म्हणजे फक्त पाण्याचा. ओहोटी होती, चिखलात छोटे मासे उड्या मारत होते. मागच्या बाईच्या पायाशी तिचा जेवणाचा डबा होता, स्टीलचा, अगदी आपल्यासारखा. नारळबागांना गोडं पाणी लागतं आणि उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी आता जास्त आत येतं, असं गाइडने येताना सांगितलं होतं. २०१६ आणि २०२० मध्ये बेन त्रेत प्यायलाही पाणी उरलं नव्हतं. वर धरणं, इथे वाळूउपसा.

'एक म्हातारी होती,' पप्पा म्हणाले. माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत. 'गस्तीवर होतो. दोन दिवस खाल्लं नव्हतं. तिनं मरवळ्ळी उकडून दिली, वर मीठ-मिरची. घ्यायचं नसतं असं, ऑर्डर होती. घेतलं. दहा दिवसांनी परत त्या वाटेनं गेलो तर घर नव्हतं.'

'कुणी...'

'कुणास ठाऊक. त्यांनी म्हणावं तर आमचं नाव, आम्ही म्हणावं तर त्यांचं.' मग बऱ्याच वेळाने, 'तिच्या दारात शेवग्याचं झाड होतं.'

मी काही बोलले नाही. काय बोलणार? होडी काठाला लागली, बायकांनी हात धरून उतरवलं, पप्पांनी दोघींच्या हातात नोटा ठेवल्या, मी सांगितल्यापेक्षा जास्त.

सायगावला परतायला रात्रीचे सव्वासात वाजले. ट्रॅफिक हिंजवडीची आठवण यावी असा. मी खिडकीला डोकं टेकून दिवसभराचे फोटो निवडत होते. पप्पांनी चष्मा लावला.

'जरा बघ ग तुझ्या त्या फोनवर. पलालीला विमान जातं का?'

'पलाली?'

'जाफन्याला. आमचा तळ होता तिथं.'

मी शोधलं. पलालीचा तो विमानतळ २०१९ पासून आंतरराष्ट्रीय झालाय. चेन्नईहून जातं विमान.

'भाडं बघ,' पप्पा म्हणाले.